पाणी कुठल्या वेळचं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी ‘तपासलं’ एवढं सांगून भागत नाही. कुठे भरलं, किती वाजता भरलं, भरतीला की ओहोटीला, हेही त्याच्यासोबत सांगायला हवं. त्यावर बरीच पत्रं आली. समुद्राच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी होडीत. त्या अनुभवावर जेवढं खात्रीनं सांगता येईल तेवढं सांगते.

प्रश्न: आमचा वर्सोव्याचा कोळीवाडा. मुलगी लिहिते आहे, बोलते मी आहे. इतकी वर्षं बघतेय, साहेब लोक येतात, खाडीतून बाटल्या भरून नेतात. त्या बाटल्यांचं पुढे काय होतं? आणि आम्हाला कोणी काही सांगायला का येत नाही?

ताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त लागला. पण आधी पहिला घेते.

माहीमच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही एकदा ओहोटीला पाणी घेत होतो, त्या दिवशीचं सांगते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची एक जुनी रीत आहे. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ साली दिली आणि आजही तिच्यावरच भरवसा ठेवतात. काचेच्या बुचाची लहान बाटली घ्यायची, रबरी नळी तळापर्यंत सोडायची आणि पाणी वरून वाहून जाईपर्यंत भरायचं. आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. मग मॅंगनीजच्या क्षाराचं द्रावण आणि अल्कली आयोडाइड, दोन्ही एकेक मिलिलिटर आत सोडायची, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. हे सगळं होडीतच करावं लागतं. कारण पाणी तसंच प्रयोगशाळेत नेलं तर बाटलीतले जिवाणू वाटेत प्राणवायू खात राहतात आणि मग जो आकडा येतो तो समुद्राचा नसतो, आमच्या प्रवासाचा असतो.

पाण्यात प्राणवायू असला की बाटलीत तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. त्या दिवशी बाटली हलवली आणि साका पांढराच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, तरी पांढरा. आमचे नाखवा वाकून बघत होते. म्हणाले, “बाई, हे दही कशानं जमलं?” मी म्हटलं, या पाण्यात श्वास घ्यायला काही उरलेलंच नाही. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात आपल्याकडच्या तापमानाला लिटरमागे सहा मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो. त्या बाटलीत शून्य होता. नाखवा काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, वडिलांच्या वेळी याच जागी जाळं टाकायचो.

आता पुढचं. आम्ही तिथेच नांगर टाकून थांबलो. सहा तासांनी भरती पूर्ण भरली तेव्हा त्याच जागी दुसरी बाटली भरली. साका तपकिरी! जागा तीच, दिवस तोच, रसायनंही तीच, पण पाणी दुसरं. ओहोटीला मिठी नदीचं आणि नाल्यांचं पाणी बाहेर पडत होतं, भरतीला समुद्र आत आला होता. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारते, पाणी कुठल्या वेळचं? खाडी चांगली दाखवायची असेल त्यानं भरतीला जावं, वाईट दाखवायची असेल त्यानं ओहोटीला, आणि दोघांचेही आकडे खरेच असतील. म्हणून नीट काम करणारे भरती आणि ओहोटी दोन्ही घेतात. काही ठिकाणी तर दर तासाला बाटली भरत अख्खा दिवस काढतात.

हे तुम्हाला मी काय सांगू? तिथीची पाऊणकी तुमच्या घरात लहान मुलांनाही येते. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कमी हलतं, घाण खाडीतच डोलत राहते; उधाणाला तीच धुऊन बाहेर जाते. मला विद्यापीठात हे कुणी शिकवलं नव्हतं, होडीत शिकले.

बाटल्यांचं पुढे काय होतं? प्राणवायूची बाटली आम्लानं विरघळवून मोजतात. दुसऱ्या पाण्याची बीओडी काढतात, म्हणजे त्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो ते. आपल्याकडे त्यासाठी पाणी २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात. परदेशात २० अंश आणि पाच दिवसांची रीत आहे, म्हणून तिकडच्या आकड्याशी आपला आकडा ताडताना आधी रीत विचारावी. अमोनिया, नायट्राइट, फॉस्फेट हे सांडपाण्याचे माग; ते पाणी बर्फात येतं. तेलासाठी गडद काचेची बाटली लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण तेल प्लॅस्टिकला चिकटून बसतं. धातूंसाठी उलट, आम्लात धुतलेली प्लॅस्टिकची बाटली. आणि खालचा गाळ घ्यावाच लागतो. पाणी आजचं सांगतं, गाळ मागच्या वर्षांचं सांगतो.

हे करणाऱ्या संस्थाही थोड्याथोडक्या नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांचं पाणी नियमित तपासतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं, म्हणजे एनआयओचं, मुंबईचं केंद्र तर तुमच्याच अंधेरी-वर्सोवा भागात आहे. केंद्र सरकारचा किनारी पाण्याच्या निरीक्षणाचा कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, तो आता चेन्नईची संस्था बघते.

आणि तरीही तुम्हाला कुणी सांगत नाही, हे खरं आहे. मंडळाचे आकडे संकेतस्थळावर असतात, पण इंग्रजीत, तक्त्यात, आणि त्यात पाणी कुठल्या भरतीचं हे शोधून सापडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या बंदरावरून पाणी भरलं, त्याच बंदरावर मराठीत फळा लागला पाहिजे: तारीख, तिथी, वेळ, प्राणवायू, तेल, अमोनिया. खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांना तो आकडा सगळ्यांत आधी कळायला हवा. मी नोकरीत असताना हे मांडलं होतं. “लोक घाबरतील” असं उत्तर मिळालं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही.

प्रश्न: एकदा तपासलं की कळतं ना पाणी घाण आहे? मग तेच तेच दर वर्षी मोजण्यावर पैसा कशाला? – एक वाचक, डोंबिवली

७ ऑगस्ट २०१० आठवा. मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. मासेमारी थांबली, बाजारात मासळीला हात लावायला कुणी तयार होईना. त्या वेळी सगळ्यांचा एकच प्रश्न होता: पाण्यात तेल किती वाढलं? ‘वाढलं’ म्हणायला आधी किती होतं हे ठाऊक हवं. जिथले आधीचे आकडे वह्यांत होते तिथेच उत्तर देता आलं. ज्या वर्षी काहीच घडत नाही त्या वर्षीचं मोजमाप अशा दिवसासाठी असतं.

प्रश्न: आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी. दादर चौपाटीवरून मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं आणि एका खासगी लॅबमधून तपासून घेतलं. जस्त आणि सीओडी दोन्ही भयंकर जास्त आले. हे वर्तमानपत्राला द्यावं असं वाटतं. देऊ का?

देऊ नका. निदान अजून नको. तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घालून हे केलंत याचं मला कौतुक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप. त्या चाचणीत डायक्रोमेट नावाचं रसायन वापरतात, आणि पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक घटक, तेही डायक्रोमेट खातं. गोड्या पाण्यात क्लोराइड थोडं असतं, ते पाऱ्याचा क्षार घालून बांधून टाकतात. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं, तिथे हा बांध टिकत नाही. म्हणजे तुम्ही जे ‘प्रदूषण’ मोजलंत त्यात बराचसा भाग मिठाचा असणार. लॅबला विचारा, समुद्राच्या पाण्यासाठी पद्धत बदलली होती का? बहुतेक ठिकाणी नळाचं, बोअरचं आणि समुद्राचं पाणी एकाच रांगेत लावतात.

आता जस्त. एका लिटर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, आणि आपण शोधतोय काही मायक्रोग्रॅम जस्त. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पोतंभर तांदळात एक खडा शोधण्यापेक्षाही अवघड काम. त्यात जस्त सगळीकडे असतं: रबरी हातमोज्यांत, टाल्कम पावडरीत, जखमेच्या चिकटपट्टीत, उन्हाच्या क्रीममध्ये. आणि तुमची ती पाण्याची बाटली बनवताना अँटिमनी वापरतात, तेही थोडं उतरतं.

हे मला अंगावर शेकून कळलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका फेरीतले माझे जस्ताचे सगळे आकडे चढे आले. मी रात्रभर जागून तक्ता बनवला, सकाळी वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी एकच विचारलं, “ब्लँक दाखव.” ब्लँक म्हणजे शुद्ध पाणी, तशाच बाटलीत, तशाच होडीतून फिरवून आणलेलं. मी ते नेलंच नव्हतं. पुढच्या फेरीला नेलं, तर शुद्ध पाण्यातही जस्त! शोध घेतला. होडीच्या कठड्याला जस्ताचा मुलामा होता, आणि मी बाटली भरून त्याच कठड्यावर ठेवून बूच लावत असे. वर्षभराचं काम फाडून टाकावं लागलं. ते आकडे तेव्हा छापले असते तर एखाद्या कारखान्यावर नाहक बालंट आलं असतं, आणि पुढे खरा दोषी सापडल्यावरही आमच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

तर असं करा. रसायनशास्त्राच्या सरांकडून जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या, सौम्य नायट्रिक आम्लात एक दिवस भिजवा, शुद्ध पाण्यानं धुवा. हे सरांच्या देखरेखीखालीच. पायरीवर उभं राहून कडेचं पाणी घेऊ नका, तिथे वाळू ढवळलेली असते. तीन बाटल्या एकाच वेळी भरा, चौथी ब्लँक. तिन्हींचे आकडे जवळपास आले आणि ब्लँक कोरा निघाला, तरच पुढे बोलू. आणि धातूंच्या मागे लागण्याआधी प्राणवायू आणि अमोनिया मोजा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन्ही जमतं, आणि दादरच्या पाण्याची खरी तक्रार तिथेच आहे.

प्रश्न: ठाण्याला राहते. सून गरोदर आहे, तिला मासे फार आवडतात. समुद्रात पारा असतो असं वाचलं. मासे बंद करू का?

बंद करू नका. काय घ्यायचं ते निवडा.

पाऱ्याची भीती खोटी नाही. जपानमधल्या मिनामाताला १९५६ साली पाऱ्यानं होणारा आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्यातून खाडीत गेलेला मिथाइल पारा मासे-शिंपल्यांत साठला, आधी मांजरं वेडीवाकडी होऊन मेली, मग माणसं. आईला फारसा त्रास नसतानाही बाळं अपंग जन्मली. आपल्याकडे उल्हास खाडीच्या गाळात पारा असल्याचं एनआयओच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. कॉस्टिक सोडा बनवायची जुनी पद्धत पाऱ्यावर चालायची, त्याचं हे देणं.

पण पारा सगळ्या माशांत सारखा नसतो. लहान मासा थोडा घेतो, त्याला खाणारा मोठा मासा ते सगळं स्वतःत जमा करतो, आणि जितकी वर्षं जगतो तितकं साठवतो. म्हणून सुनेला मुशी, तलवार मासा, मोठा कुपा देऊ नका. मोठी सुरमईही क्वचितच. बोंबील, मांदेली, बांगडा, तारली हे लहान, थोडं जगणारे मासे आहेत, ते आठवड्यातून दोनदा खुशाल द्या. काही शंका असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्या, खुबे, कालवं यांचं वेगळं. हे जागचे हलत नाहीत आणि दिवसभर पाणी गाळत बसतात, पाण्यातलं सगळं त्यांच्या अंगात येतं. त्यांच्या या गुणामुळेच तर शास्त्रज्ञ त्यांना पहारेकरी म्हणून वापरतात. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले तपासून प्रदूषणाचा माग ठेवतात. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतल्या तिसऱ्या गरोदरपणात नकोच. उकळल्यानं जंतू मरतात, धातू मरत नाहीत. कोळणीला विचारायला संकोच करू नका: “कुठल्या खाडीच्या?” ती खरं सांगते.

प्रश्न: गणपती विसर्जनानं समुद्र दूषित होतो असं दर वर्षी ऐकतो. पीओपी विषारी आहे का? – गिरगाव

पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. समुद्रात कॅल्शियम आणि सल्फेट दोन्ही मुळातच भरपूर असतात. त्यामुळे विष म्हणाल तर ते पीओपीत नाही. पण ते लवकर विरघळत नाही, आणि भंगलेल्या मूर्ती दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूत पडलेल्या बघवत नाहीत. माझ्या वडिलांनी तर शाडूशिवाय मूर्ती घरात आणली नाही.

रसायनाच्या दृष्टीनं काळजी रंगांची. चकाकीच्या आणि तेलरंगांत शिसं, क्रोमियम, कॅडमियम असू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०१० साली आल्या, २०२० मध्ये सुधारल्या; त्यांत विसर्जनाआधी, विसर्जनाच्या वेळी आणि नंतर असं तीनदा पाणी तपासायला सांगितलं आहे. तलावासाठी हे उत्तम. समुद्रात मात्र भरती-ओहोटी पाणी बदलून टाकते, रंगाचे कण खाली बसतात, म्हणून चौपाटीवर पाण्याइतकाच तळाचा गाळ तपासायला हवा. नुसतं पाणी तपासून “सगळं ठीक” म्हणणं मला पटत नाही.

आणि एक सांगायलाच हवं. विसर्जनाचे दिवस मोजके. सांडपाणी वर्षाचे ३६५ दिवस येतं. वरळी आणि वांद्र्याहून ते नळांनी समुद्रात तीन किलोमीटरहून जास्त आत सोडतात, नाल्यांतलं तर थेट कडेलाच येतं. मुंबईत सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, त्यांची एकूण क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर. माहीमच्या बाटलीतला तो पांढरा साका तपकिरी होणार असेल तर त्यांनी होईल. त्यांच्यावर नजर ठेवा.

प्रश्न: अलिबागला पावसाळ्याच्या तोंडाशी वाळूत डांबराचे गोळे येतात. कुठून? आणि पायाचं कसं काढायचं?

समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून जातो, जड भाग पाणी आणि वाळू घेऊन घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. तेलजहाजं, तेलविहिरी, दोन्हींकडून येऊ शकतो. प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते, बोटांच्या ठशासारखी, त्यावरून मूळ शोधता येतं. पण त्यासाठी संशयित तेलाचाही नमुना हाताशी लागतो. पायाला खोबरेल चोळा, मग साबण. रॉकेल नको.

प्रश्न: जुहूला पोहावं का?

आपल्याकडच्या निकषांत पोहण्याच्या समुद्राचा वर्ग एसडब्ल्यू-२: प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी ३ पर्यंत, १०० मिलिलिटरमध्ये मैल्याचे जिवाणू १०० पर्यंत. मंडळाचे जुहूचे आकडे यासमोर ठेवून बघा. मी स्वतः तिथे पोहत नाही, आणि पावसाच्या मोठ्या सरीनंतर दोन-तीन दिवस तर लहान मुलांचे पायही पाण्यात घालू देत नाही.

प्रश्न: निवृत्त शिक्षक आहे, वसईला खाडीजवळ घर. माझ्याकडे ना प्रयोगशाळा ना रसायनं. मला काही करता येईल?

सर, तुमच्याकडे रोज तीच जागा आहे. आम्हाला ती महिन्यातून एकदा मिळायची.

एक जाड वही घ्या. रोज जमलं तर रोज, नाही तर आठवड्याला ठरलेल्या वारी, त्याच धक्क्यावर उभं राहा. तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, पाणी चढतंय की उतरतंय. मग रंग, वास, फेस, तेलाची तकाकी. पाढे पाठ घेताना मुलांना जसं ‘उगाच अंदाज नको’ म्हणायचात तसंच: जे दिसलं तेवढंच. एक पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा, जिथे दिसेनाशी होते तिथे दोरीला गाठ, आणि ते माप वहीत. वासाला नाव देता येत नसेल तर कशासारखा ते लिहा: सडक्या अंड्यासारखा, रॉकेलसारखा, औषधाच्या दुकानासारखा.

मेलेले मासे दिसले तर ते बहुतेक पहाटे दिसतील. रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू करत नाहीत, सगळेच तो खातात, म्हणून उजाडण्याआधी तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी वाट बघू नका. स्वच्छ काचेची बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून काठोकाठ भरा, बूच लावा, बर्फात ठेवा. दोन-तीन मासे कागदात गुंडाळून तेही बर्फात. कुठल्या जातीचे मेले आणि कुठल्या जातीचे अजून वर तोंड काढून हवा घेत आहेत, ते लिहा. मग मंडळाच्या जवळच्या कार्यालयात फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दुपारपर्यंत थांबलात तर भरती येऊन सगळं धुऊन गेलेलं असेल.

दोन महिन्यांची पानं झाली की त्यांच्या झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. तुमच्या धक्क्याच्या जवळचं मंडळाचं ठिकाण कुठलं ते मी शोधून ठेवते, दोन्ही शेजारी मांडून बघू.